सॅम गुडमनला पळपुटा म्हणणाऱ्या मराठी बॉक्सिंगप्रेमींना खुलं पत्र

बॉक्सिंगप्रेमी मित्रमैत्रिणींनो,

स. न. वि. वि.

परवा शुक्रवारी, २४ जानेवारी २०२५ला, टोकियोच्या आरिआके अरेनात जपानचा जगज्जेता बॉक्सर नाओया इनोउएने किम ये-जूनला चौथ्या राउंडमध्ये झोपवलं. मी तिथे होतो. बाहेर पडून स्टेशनकडे चालता चालता फोन उघडला. आपली मराठी मंडळी शेवटच्या ठोशांबद्दल काय लिहितायत ते वाचायचं होतं. सापडलं भलतंच. जो रिंगमध्ये नव्हताच, डोळ्यावरच्या जखमेमुळे ज्याने या लढतीतून माघार घेतली होती, त्या सॅम गुडमनवर सगळे तुटून पडले होते. शेपूट घालून पळाला. कातडी वाचवली. इनोउएचं नाव ऐकून फाटली. भुवईला जरा खरचटलं म्हणून कुणी जगज्जेतेपदाची लढत सोडतं का? लिहिणाऱ्यांत अनोळखी लोक होते, तशी दोन-तीन माझ्या अगदी जवळच्या मित्रांची नावंही होती.

थंडीत हातमोजे काढून उत्तर लिहायला घेतलं, मग पुसलं. चार ओळींत मावणारी गोष्ट नव्हती. म्हणून आज रविवारी बसून हे पत्र लिहितोय. पत्र तुम्हाला आहे, पण तुम्ही जे लिहिलंत ते चारचौघांत लिहिलंत, म्हणून मीही चारचौघांतच बोलतो.

आधी माझा यात संबंध काय ते सांगतो. मी मूळचा अकोल्याचा. शाळा-कॉलेजात सात वर्षं बॉक्सिंग केलं. पुढे नोकरी इकडे टोकियोत घेऊन आली, आता निशी-कासाई भागात राहतो. इनोउएची लढत जवळून बघता येते हे या शहराने मला दिलेलं मोठं सुख आहे. मुळात २४ डिसेंबरला ठरलेल्या या लढतीची दोन तिकिटं काढली होती, एक माझं आणि एक बाबांचं. पहाटे साडेपाचला मला लुनावर मागे बसवून सरावाला नेणारे बाबा. त्यांना इनोउए दाखवायचा म्हणून व्हिसा, विमान, सुट्ट्या, सगळं त्या एका तारखेभोवती जुळवलं होतं. १४ डिसेंबरला बातमी आली की सॅम गुडमनला सरावात डाव्या डोळ्यावर जखम झाली आणि लढत एक महिना पुढे गेली. बाबा ठरल्याप्रमाणे आले आणि ८ जानेवारीला परत गेले. परवा त्यांच्या जागेवर माझ्या ऑफिसातला एक जण बसला होता.

तेव्हा या लढतीचा चटका मला बसला नाही असं कुणी म्हणू नये. बसला. तरीही गुडमनबद्दल वाईट शब्द तोंडात येत नाही, आणि का येत नाही ते तुम्ही शांतपणे ऐकून घ्यावं एवढंच मागणं आहे.

ज्यांनी फक्त मथळे वाचले त्यांच्यासाठी थोडक्यात. सॅम गुडमन हा ऑस्ट्रेलियाचा, या लढतीच्या वेळी २६ वर्षांचा. तोवर १९ लढती, १९ विजय. सुपर बॅन्टमवेट, म्हणजे ५५.३ किलोचा गट. त्यात डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ या चारही जागतिक संघटनांचे पट्टे, म्हणजे जगज्जेतेपदं, तेव्हा इनोउएकडे. त्यातल्या आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ या दोन संघटनांचा गुडमन पहिल्या क्रमांकाचा आव्हानवीर. ती जागा कुणी दान दिली नव्हती. २०२३च्या जूनमध्ये तोवर अपराजित असलेल्या अमेरिकेच्या रईस अलीमला हरवून त्याने ती मिळवली, आणि पुढे दीड वर्ष वाट बघितली. लढतीची तारीख ठरली २४ डिसेंबर २०२४. दहा दिवस आधी डोळ्यावर जखम. नवी तारीख २४ जानेवारी. ११ जानेवारीला, पुन्हा सरावातच, त्याच डोळ्यावर पुन्हा जखम. मग त्याला बाजूला व्हावं लागलं आणि दक्षिण कोरियाचा किम उभा राहिला.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार ‘खरचटलं’ या शब्दाबद्दल, आणि तीच सगळ्यात मोठी आहे. भुवईवरून बोट फिरवून बघा. खाली हाडाची कड लागते. त्या कडेवर कातडी ताणून बसवल्यासारखी असते, मध्ये मांस फारसं नाही. ठोसा बसला किंवा समोरच्याचं डोकं आपटलं की कातडी हाड आणि मार यांच्यामध्ये चिरडते आणि फुटते. चेहऱ्यावरचे टाके आठवड्याभरात काढतात. वरून बघाल तर गुलाबी रेघ दिसेल, माणूस बरा झाला असं वाटेल. पण आतले धागे विणायला वेळ लागतो. तीन आठवड्यांनी त्या कातडीत मूळच्या ताकदीचा साधारण पाव हिस्सा आलेला असतो. तीन महिन्यांनीही पूर्ण येत नाही, ऐंशी टक्क्यांच्या आसपास येऊन थांबते. १४ डिसेंबर ते ११ जानेवारी म्हणजे बरोबर चार आठवडे. ती जखम फिरून उघडली यात नवल काय? न उघडती तर नवल होतं.

आणि समोर कोण, तर इनोउए. २८ लढतींपैकी २५ जणांना त्याने वेळेआधी संपवलेलं. दोघेही उजव्या हाताचे, म्हणजे डावा पाय पुढे ठेवून उभे राहणारे. अशा वेळी समोरच्याचा उजवा, त्याचा सगळ्यात जड हात, थेट तुमच्या डाव्या डोळ्याकडे येतो. जखम डाव्याच डोळ्यावर. सरावात १६ औंसचे जाड ग्लोव्ह आणि डोक्याला हेडगार्ड असताना फुटलेली भुवई घेऊन, आठ औंसच्या ग्लोव्हपुढे, हेडगार्डशिवाय, १२ राउंड. रक्त डोळ्यात उतरलं की तो डोळा गेलाच समजा, कारण पुसायला हात मोकळा नसतो. कोपऱ्यात कटमनला, म्हणजे जखमा सांभाळणाऱ्या माणसाला, मिळतो एक मिनिट. त्यात कापसाची काडी, ॲड्रेनलिन, व्हॅसलीन आणि गार लोखंडाचा ठोकळा एवढ्यावर त्याने रक्त थांबवायचं. ठोशाने जखम उघडली आणि डॉक्टरांनी लढत थांबवली तर आव्हानवीर हरला, टेक्निकल नॉकआउट. डोकं चुकून आपटून उघडली आणि पहिल्या चार राउंडच्या आत थांबवावी लागली तर कुणीच जिंकत नाही, आणि तुम्ही-आम्ही तिकीट हातात धरून तसेच घरी. गुडमन उतरला असता तर तुम्हाला काय बघायला मिळालं असतं त्याचा एकदा विचार करा.

कातडी वाचवली म्हणता. हो, डोळ्यावरची कातडी वाचवली. ती वाचवायलाच हवी होती.

दुसरी तक्रार अशी की आपण माणूस बघून न्याय बदलतो. याच इनोउएची तेव्हाचा विजेता, अमेरिकेचा स्टीफन फुल्टन याच्याशी लढत ७ मे २०२३ला योकोहामाला ठरली होती. सरावात इनोउएच्या हाताला दुखापत झाली आणि लढत २५ जुलैला गेली. आपल्यापैकी कुणी तेव्हा इनोउएला भित्रा म्हटलं? मी तर नाही म्हटलं. उलट आपण सगळ्यांनी ‘बरा हो, घाई करू नकोस’ असंच लिहिलं होतं. त्याने घाई केली नाही, आणि जुलैत आठव्या राउंडमध्ये फुल्टनला संपवून दोन पट्टे घेतले. नीट बरा झाला होता म्हणून ती रात्र आपल्याला बघायला मिळाली. आता हिशेब मांडा. इनोउएच्या हातासाठी तारीख ११ आठवडे पुढे गेली आणि गुडमनच्या भुवईसाठी एक महिना. जानेवारीत माघार घेणं ही गुडमनची चूक नव्हती. चूक झाली असेल तर डिसेंबरमध्ये, जानेवारीची तारीख धरताना. त्या दिवशी ‘एकच महिना ना, बरं झालं’ असं मीही म्हणालो होतो. बाबांचं परतीचं तिकीट पुढे ढकलता येईल का हेही बघितलं होतं. चार आठवड्यांत भुवई भरते का, हा प्रश्न माझ्या मनाला शिवला नाही. माझ्या मनाला तो शिवायला हवा होता. का, ते सांगतो.

२००६ साली विद्यापीठाच्या स्पर्धेच्या नऊ दिवस आधी सरावात माझी भुवई फुटली. डावीच. तीन टाके. कुणी मला लढ म्हणून जबरदस्ती केली नाही. सरांना तर मी नीट दाखवलंच नाही. बाबांना सांगितलं, दार लागलं. पण हॉस्टेलवर दोन मुलं जेवताना म्हणाली, ‘पहिलीच लढत गेल्या वर्षीच्या विजेत्याशी आली ना, आता भुवई दुखणारच.’ ताटावरून उठलो नाही, पण तो घास अजून आठवतो. स्पर्धेच्या सकाळी टाके काढलेल्या जागी व्हॅसलीन थापलं, वरून केस ओढले. तपासणीला चाळीसेक पोरांची रांग होती. डॉक्टरांनी टॉर्च मारला आणि ‘पुढचा’ म्हणाले. हेडगार्डची कड बरोबर त्या रेघेवर बसली आणि जखम झाकली गेली. मला बरंच वाटलं.

दुसऱ्या राउंडमध्ये डाव्या डोळ्यात काहीतरी कोमट उतरलं. आधी घामच वाटला. डोळे मिटून उघडले तर अर्धं रिंगण लाल. पुढचे तीन ठोसे मला दिसलेच नाहीत, फक्त ऐकू आले. पंचांनी थांबवलं. या वेळी सात टाके पडले आणि कड वेडीवाकडी जुळली. आजही माझी डावी पापणी उजवीपेक्षा थोडी खाली असते, आणि इथल्या जानेवारीच्या वाऱ्यात ती जागा ओढल्यासारखी होते. त्या दोन मुलांवर माझा राग नाही. ती वीस वर्षांची होती, मीही वीसचा होतो. पण मला रिंगमध्ये ढकललं ते त्या एका वाक्यानेच, हे मला पक्कं माहीत आहे. आज तेच वाक्य शेकडो लोक गुडमनला लिहितायत, आणि उद्या अकोल्यातलं, पुण्यातलं, कोल्हापुरातलं एखादं पोरगं ते वाचून आपली जखम लपवणार आहे. मला गप्प बसवत नाही ते यामुळे.

तिसरी तक्रार सतीश कुमारच्या नावाने दिल्या जाणाऱ्या दाखल्याबद्दल. ‘आपला सतीश १३ टाके घेऊन ऑलिम्पिकमध्ये लढला, आणि हा?’ असं बऱ्याच जणांनी लिहिलंय. १ ऑगस्ट २०२१, टोकियोचंच र्‍योगोकु कोकुगिकान, समोर उझबेकिस्तानचा जलोलोव. ती लढत मी श्वास रोखून बघितली होती. सतीशच्या हिमतीला माझा सलाम आहे आणि राहील. तो हरला तरी जलोलोवने त्याला मान दिला. पण त्याला डॉक्टरांनी परवानगी दिली होती, लढत तीन-तीन मिनिटांच्या तीन राउंडची होती, आणि तरीही त्याच्या जखमा उघडल्याच. एका सैनिकाने एका दिवशी स्वतःच्या मनाने घेतलेला निर्णय हा जगातल्या प्रत्येक जखमी बॉक्सरला मोजायची पट्टी कसा होईल? सतीशचा सन्मान करायचा तर त्याच्या नावाचा दगड करून दुसऱ्याला मारू नका.

इनोउएचंही उदाहरण देतात. २०१९ला सायतामात नोनिटो डोनेअरच्या ठोशाने त्याच्या डोळ्याखालचं हाड मोडलं, दोन-दोन डोनेअर दिसत असताना तो १२ राउंड लढला आणि जिंकला. खरं आहे. पण ती दुखापत लढत चालू असताना झाली होती. मोडलेलं हाड घेऊन तो रिंगमध्ये चढला नव्हता. या दोन गोष्टींतला फरक बॉक्सिंग बघणाऱ्याला कळलाच पाहिजे.

चौथी तक्रार लिहिताना हात जड होतो. २६ डिसेंबर २०२३ला याच आरिआके अरेनात इनोउएने फिलिपिन्सच्या मार्लन टापालेसला हरवून चारही पट्टे एकत्र केले. मी तिथे होतो, ओरडून घसा बसला होता. त्याच रात्री, त्याच रिंगमध्ये, मुख्य लढतीआधी काझुकी आनागुची जपानच्या बॅन्टमवेट विजेतेपदासाठी लढला. दहा राउंड टिकला, गुणांवर हरला. नंतर मेंदूत रक्तस्राव झाल्याचं कळलं. २ फेब्रुवारी २०२४ला तो गेला. २३ वर्षांचा होता. त्याच्या लढतीतही मी टाळ्या वाजवल्या होत्या. आनागुची जखम लपवून उतरला होता असं मी म्हणत नाही, तसं काही नव्हतं. मी एवढंच म्हणतो की ज्या जागी हे घडलं, त्याच जागी १३ महिन्यांनी एक जण डॉक्टरचं ऐकून लढत सोडतो आणि आपण त्याला हसतो.

पाचवी, छोटी. किम ये-जूनचं कुणी नावही धड घेत नाहीये. ‘बदली खेळाडू’, ‘बळीचा बकरा’. अधिकृत घोषणेपासून लढतीपर्यंत १३ दिवस होते, समोर जगातला सगळ्यात धोकादायक माणूस, आणि चौथ्या राउंडमध्ये हा गडी हाताने खुणावून इनोउएला ‘ये, मार’ म्हणत होता. पुढच्या काही क्षणांत खाली पडला, हे खरं. पण तो उभा राहिला म्हणून परवाचा कार्यक्रम झाला. अख्ख्या अरेनाने उठून त्याला टाळ्या द्यायला हव्या होत्या असं मला वाटतं. मी दिल्या.

आयोजकांच्या बाजूचं फार लिहीत नाही, तारखा, हॉल, प्रक्षेपण यांची ओढाताण मला कळते. तिकिटाचे पैसे हा माझा मुद्दाही नाही. मात्र राग काढायचाच असेल तर तो एका जखमी माणसावर काढण्याऐवजी व्यवस्थेला प्रश्न विचारण्यात घालवा, एवढं नक्की म्हणेन.

डिसेंबरमध्ये बाबा इथे असताना एका सकाळी चहा पिताना मी लढत पुढे गेल्याबद्दल कुरकुर करत होतो. बाबांनी माझ्या डाव्या पापणीकडे बघितलं. २००६ला ‘दार लागलं’ यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं. ते म्हणाले, ‘त्या पोराच्या बापाला त्या रात्री झोप तरी लागली असेल.’ एवढं बोलून त्यांनी कप उचलून बेसिनमध्ये नेऊन ठेवला.

आता माझ्या मागण्या, स्पष्ट शब्दांत.

ज्यांनी गुडमनला पळपुटा, भित्रा किंवा त्याहून वाईट काही म्हटलंय त्यांनी तो मजकूर आजच काढून टाकावा. माफी वगैरे कुणी मागत नाही, पुसा म्हणजे झालं. त्याच्या घरच्यांच्या खात्यांवर जाऊन लिहिणं तर ताबडतोब बंद करा. त्यांनी कुणाशी करार केलेला नाही.

इथून पुढे कुठल्याही बॉक्सरने दुखापतीने माघार घेतली की मत द्यायच्या आधी तीन गोष्टी विचारा: जखम कुठे आहे, कधी झाली, आणि डॉक्टर काय म्हणाले. उत्तर मिळेपर्यंत थांबा. दोन दिवस थांबल्याने कुणाचं काही बिघडत नाही.

चारही संघटना आणि आयोजक यांच्याकडे आपण सगळ्यांनी मिळून मागायच्या गोष्टी वेगळ्या. भुवई किंवा पापणीची जखम असेल तर नवी तारीख स्वतंत्र डॉक्टरच्या सहीशिवाय जाहीर होऊ नये, आणि तो डॉक्टर आयोजकाचाही नको, बॉक्सरच्या गोटातलाही नको. पर्यायी आव्हानवीराचं नाव पहिल्या दिवसापासून सगळ्यांना कळावं आणि लढत मिळो न मिळो, त्याच्या तयारीचे पैसे त्याला मिळावेत. लांबून येणाऱ्या प्रेक्षकासाठी तारीख बदलली तर काय, हे तिकिटावरच लिहिलेलं असावं. या मागण्यांचं इंग्रजी आणि जपानी पत्र मी तयार केलंय. ज्यांना सही करायची आहे त्यांनी कळवावं.

आणि जे मुलांना शिकवतात, अकोल्यात, औंधला, नागपूरला, कुठेही, त्या सगळ्या सरांना आणि मॅडमना हात जोडून विनंती. स्पर्धेच्या सकाळी प्रत्येक पोराची भुवई स्वतः बघा. केस वर करून बघा. व्हॅसलीन पुसून बघा.

आपला,
अकोल्याचा एक जुना बॉक्सर
निशी-कासाई, टोकियो
२६ जानेवारी २०२५